प्राध्यापकांचे प्रशिक्षण आणि पेणचा वर्ग

शाळेत शिकवू इच्छिणाऱ्याला डी. एड. किंवा बी. एड. व्हावे लागते. महाविद्यालयात मात्र पदव्युत्तर पदवी आणि नेट-सेटसारखी पात्रता पुरेशी ठरते. ज्याला विषय येतो त्याला तो शिकवताही येतो, हे आपण गृहीत धरले आहे. कोठारी आयोगाने (१९६४-६६) नव्या अध्यापकांच्या उद्बोधनाची गरज सांगितली होती. प्रत्यक्षात १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर, १९८७ पासून, विद्यापीठ अनुदान आयोगाने ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेजे सुरू केली. २०१५ मध्ये ती ‘मानव संसाधन विकास केंद्रे’ झाली आणि २०२३ मध्ये ‘मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रे’. नाव दोनदा बदलले. प्रश्न मात्र जुनाच आहे. या केंद्रांतून परतलेल्या प्राध्यापकाचा वर्ग बदलतो काय?

हा प्रश्न पेण-रोह्यासारख्या ठिकाणी विशेष निकडीचा आहे. खारेपाटातील आगरी शेतकऱ्याची मुलगी, डोंगरपट्ट्यातील ठाकूर वा कातकरी वाडीवरचा मुलगा आणि बाजारपेठेतील दुकानदाराचा मुलगा येथे एकाच वर्गात बसतात. पहिल्या सत्राचे महिने हेच पेण-हमरापूरच्या गणपती कारखान्यांतील घाईचे महिने असतात. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे दुसरे सत्र जवळजवळ संपूर्ण बुडते. हजेरीपटावर ही गैरहजेरी बेशिस्त म्हणून उमटते. इंग्रजी पाठ्यपुस्तकापुढे गप्प बसलेला विद्यार्थी समजून गप्प आहे की न समजल्यामुळे, हे ओळखण्याचे शिक्षण प्राध्यापकाला कोणी दिलेले नसते.

मालवीय मिशनच्या आठ विषयांत ‘विद्यार्थ्यांतील विविधता आणि सर्वसमावेशक शिक्षण’ हा एक विषय आहे, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि तो विषय बहुधा व्याख्यानांतूनच शिकवला जातो. दूरस्थ वर्गांमुळे पेणहून मुंबईला जाण्याचा त्रास वाचला, हे खरे. परंतु पडद्यावर सर्वसमावेशकतेची व्याख्या ऐकून वीटभट्टीवरून परतलेल्या मुलाचा बुडालेला अभ्यास कसा भरून काढावा, हे कळत नाही.

यामागचे कारण अर्थशास्त्राच्या साध्या नियमात सापडते. ज्याची मोजदाद होते तेच केले जाते. पदोन्नतीसाठी प्रमाणपत्र मोजले जाते, वर्गातला बदल मोजला जात नाही. त्यामुळे पदोन्नतीची तारीख जवळ आली की वर्गांची आठवण होते. सक्ती काढली तर कोणी येणारच नाही, असा एक युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्य आहे. पण सक्तीने उपस्थिती मिळते, जिज्ञासा मिळत नाही. शिवाय तासिका तत्त्वावरील अध्यापकांचे काय? रिक्त पदांमुळे अध्यापनाचा मोठा भार त्यांच्यावर आहे. त्यांना पदोन्नती नाही, आणि प्रशिक्षणासाठी तास बुडवले तर त्या तासांचे मानधनही नाही. ज्यांना केंद्राची गरज सर्वांत अधिक, त्यांनाच ते महाग पडावे, ही व्यवस्थेतील विसंगती होय.

उपाय फार खर्चाचे नाहीत. विद्यापीठाच्या केंद्राने पेण, रोहा, अलिबाग येथील महाविद्यालयांचा एक गट करावा आणि वर्षातून काही दिवस स्वतः तेथे यावे. अध्यापकांनी एकमेकांचे तास पाहावेत व त्यावर मोकळेपणाने बोलावे. या निरीक्षणाचा गोपनीय अहवालाशी संबंध नसावा. उत्पादन खर्च शिकवताना गणपती कारखान्याचा हिशेब आणि हंगामी बेकारी शिकवताना भातशेतीचे वेळापत्रक वापरता येते. अशा पाठांचा मराठीतील संग्रह केंद्राने करावा. स्थलांतरित विद्यार्थ्यांसाठी परतल्यावरच्या जोडवर्गांची आखणी महाविद्यालयांना शिकवावी. तासिका तत्त्वावरील अध्यापकांना प्रशिक्षणाच्या दिवसांचे मानधन द्यावे. प्रमाणपत्रानंतर सहा महिन्यांनी त्या अध्यापकाच्या वर्गात काय बदलले याची विचारपूस व्हावी.

ज्यांचे बालपण रोह्यात गेले ते चिंतामणराव देशमुख १९५६ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. त्या आयोगाच्या योजनेचा लाभ रोहा-पेणच्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचावा, ही अपेक्षा अवाजवी नाही. वाडीवरून प्रथमच महाविद्यालयात आलेला विद्यार्थी दुसऱ्या सत्रात नाहीसा होतो तेव्हा त्याची नोंद केवळ ‘गैरहजर’ एवढीच होते. ती नोंद वाचायला प्राध्यापकाला शिकवणे, हे या केंद्रांचे पहिले काम ठरावे.