ऑर्किडची फुलं गळली? कुंडी टाकू नका!

मोशीहून एका मैत्रिणीचं पत्र आलं आहे. यजमान चाकणच्या कारखान्यातून पंचवीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी शाल-श्रीफळाबरोबर ऑर्किडची कुंडी मिळाली. दोन महिने घर कसं उजळून निघालं! मग फुलं गळली, दांडी वाळली. "सासूबाई म्हणतात, मेलेलं झाड घरात ठेवू नये. ह्यांना मात्र ते टाकवत नाही. सकाळी चहा घेऊन त्याच्याशेजारीच बसतात. ताई, ते खरंच मेलं आहे का?"

पानं जाड नि हिरवी असतील, मुळं दाबली तर टणक लागत असतील, तर झाड चांगलं जिवंत आहे. फुलून दमलंय इतकंच. बाजारात भेटीदाखल मिळतं ते बहुतेक फॅलेनोप्सिस. नाव अवघड, पण अर्थ सोपा : पतंगासारखं. ते मूळचं फिलिपिन्स, इंडोनेशियाकडच्या जंगलातलं, झाडाच्या खोडावर वाढणारं. आपल्या सह्याद्रीत आंब्या-जांभळाच्या फांद्यांवर सीतेची वेणी लोंबते ना, तिच्याच गोतातलं. म्हणून तर कुंडीत माती कधी घालायची नाही. झाडाची साल, नारळाच्या सोडणाचे तुकडे, थोडा लोणारी कोळसा, एवढंच. मुळांना हवा लागते.

आता दांडी. पूर्ण वाळली असेल तर बुडाशी कापा. हिरवी असेल आणि झाड धट्टंकट्टं असेल, तर खालून तिसऱ्या पेराच्या वर कापा. कधी कधी तिथूनच नवा फाटा फुटून फुलं येतात. पण पानं दोन-तीनच असतील तर हा लोभ नको, बुडापासूनच काढा. कात्री आधी गॅसवर तापवून, गार करून घ्या. कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावायला हरकत नाही. मुळांवर मात्र ती पडू देऊ नका, मुळं सुकतात.

पाण्याच्या बाबतीत आपण बायका जास्त मायाळू! रोज तांब्याभर ओतलं की मुळं कुजलीच म्हणून समजा. मुळं चंदेरी दिसली की पाणी द्यायचं, हिरवी दिसताहेत तोवर नाही. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांनी, थंडीत आठवड्यातून एकदा पुरे. सकाळी द्या, पानांच्या मधल्या खोबणीत साचलं तर कापसाने टिपून घ्या. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी असेल तर मुळांवर पांढरा क्षार बसतो. पावसाळ्यात गच्चीवरचं पाणी कॅनमध्ये भरून ठेवा, झाड तुम्हाला दुवा देईल. आणि आपल्याकडच्या धुळीचं काय सांगायचं! आठवड्याला ओल्या फडक्याने पानं पुसा. पान गर्द काळपट हिरवं असेल तर उजेड कमी पडतोय, कडा लालसर झाल्या तर ऊन जास्त होतंय. पूर्वेची गॅलरी किंवा पडदा लावलेली खिडकी उत्तम.

खत म्हणून दुकानात मिळणारं 19:19:19 चालतं. पाव चमचा दोन लिटर पाण्यात, पंधरवड्यातून एकदा. महिन्यातून एकदा नुसतं पाणी भरपूर ओतून कुंडी धुऊन काढा.

एवढं सगळं केलं तरी दांडी येत नाही, अशी पुष्कळजणींची तक्रार असते. त्याचं उत्तर आहे थंडावा. पॉलीहाऊसवाले हीच युक्ती करतात : 28 अंशांच्या वर ठेवलं की नुसती पानं वाढतात, 20 अंशांच्या आसपास आणलं की दांडी निघते. आपल्याला यंत्र नको, पिंपरी-चिंचवडची थंडी आहेच. कोजागिरी झाली की कुंडी रात्री उघड्या खिडकीशी ठेवा. महिना-दीड महिना हा गारवा मिळू द्या. मात्र डिसेंबर-जानेवारीत पारा पंधराच्या खाली उतरतो, त्या रात्री आत घ्या. तेवढी थंडी त्याला सोसत नाही.

मग एके दिवशी पानाच्या बगलेतून कोंब डोकावेल. गोल, गुळगुळीत टोकाचा असेल तर ते मूळ. चपटं, मिठी मारलेल्या मुठीसारखं टोक असेल तर दांडी! तिथून फुलायला दोन-तीन महिने लागतात. म्हणजे डिसेंबरात कोंब आला तर पाडव्याच्या सुमाराला फुलं. तोवर कुंडी सारखी फिरवू नका, कळ्या उजेडाकडे वळलेल्या असतात. आणि पिकत घातलेली केळी किंवा आंब्याची पेटी तिच्यापासून लांब. पिकणाऱ्या फळांच्या वायूने कळ्या पिवळ्या पडून गळतात.

जाता जाता एक. निळंशार ऑर्किड महागाने घेतलं असेल, तर पुढच्या खेपेला फुलं पांढरी आली म्हणून घाबरू नका. तो निळा रंग बहुधा सुईने दांडीत टोचलेला असतो.