आशा : शृंखला की व्रत?

आषाढीचे पर्व आले म्हणजे आमच्या हिंगोली जिल्ह्यातील भाविकांचे चित्त दोन ठायी गुंतलेले असते. एक पंढरीच्या वाळवंटी, दुसरे आकाशातील मेघांकडे. पेरलेले उगवेल काय, ही चिंता पिढ्यानपिढ्यांची. परंतु हल्ली कीर्तन आटोपल्यावर काही तरुण आम्हांस निराळेच विचारतात. ऋतूच बदलत चालले असतील तर शेती धरावी काय, संसार मांडावा काय? २०२१ साली भारतासह दहा देशांतील १०,००० तरुणांची पाहणी 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तीत ५९ टक्के तरुण हवामानाच्या चिंतेने अत्यंत ग्रासलेले आढळले.

घरोघरी या प्रश्नास 'प्रारब्ध!' असे उत्तर मिळते. हे उत्तर आम्हांस मान्य नाही. ओढवलेले सोसावयास बळ यावे म्हणून प्रारब्धाचा विचार सांगितला आहे, करावयाचे टाळण्यासाठी नव्हे.

ख्रिस्ती धर्मगुरूंनी या प्रश्नाचा विचार अधिक नेटाने केला आहे, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. अन्यधर्मीयांचे का ऐकावे, अशी शंका ज्यांस येईल त्यांनी नर्सीचे स्मरण करावे. ज्यांना आपण नर्सीचे म्हणून मिरवितो, त्या नामदेवरायांची ६१ पदे शीख बांधवांनी गुरु ग्रंथ साहिबात आदराने जपली आहेत.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' हे पत्र प्रसिद्ध केले. त्याचे नाव असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्या तेराव्या शतकातील स्तोत्रावरून घेतले आहे. त्या स्तोत्रात सूर्यास बंधू व चंद्रास भगिनी म्हटले आहे. सृष्टीचे दुःख स्वतःचे मानण्याचे धैर्य धरावे आणि त्यातून आपल्या वाट्याचे काम ओळखावे, असे हे पत्र सांगते. तरुणाच्या व्यथेस तेथे दुबळेपणा म्हणत नाहीत. आपल्याकडे वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हेच आचरून दाखविले. 'हरित वसई संरक्षण समिती'च्या द्वारे ते तेथील हिरवाईसाठी झुंजले. २०२० साली उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ साली ते निवर्तले.

या उपदेशाच्या मुळाशी 'आशा' आहे, आणि येथेच आमच्यासारखा संस्कृताचा अभ्यासक अडखळतो. आमच्या सुभाषितकारांनी आशेस शृंखला म्हटले. ख्रिस्ती मतात विश्वास, आशा व प्रीती हे तीन मुख्य सद्गुण होत. विरोध वाटतो खरा. परंतु सुभाषितातील आशा म्हणजे फळाची हाव. ती मनुष्यास धाववीत ठेवते. ख्रिस्ती आशा फळाची हमी मागत नाही. परिणाम दिसो वा न दिसो, ईश्वरावर भिस्त ठेवून ती काम चालू ठेवते. गीतेतील कर्मयोग्यास ही वृत्ती परकी वाटू नये. अथर्ववेदातील पृथ्वीसूक्ताचा ऋषी तर भूमी खणताना, खणलेले सत्वर पुन्हा रुजो, अशी प्रार्थना करतो. त्या मातेच्याच नदीत आपण निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीसकट सोडतो, ही गोष्ट वेगळी!

मग त्या तरुणांस काय सांगावे? पाऊस पडेलच, असे खोटे आश्वासन कीर्तनकाराने देऊ नये. त्याने त्यांस काम द्यावे, तेही एकट्याने करावयाचे नव्हे. आषाढीनंतर नर्सीस परतवारी भरेल. कयाधूच्या काठी जमणाऱ्या फडांनी नदीत एकही पत्रावळ जाऊ न देण्याचे काम गावोगावच्या तरुणांकडे सोपवावे, आणि रात्रीच्या निरूपणास त्यांचाच प्रश्न घ्यावा.