टक्के मोजताय, पण कशाचे?

पोस्ट मोठी आहे, पण वाचाच. नाही पटली तर कमेंटमध्ये भांडा.

गेल्या आठवड्यात बनेद अल-गारच्या आमच्या घरी लेकीचा शाळेचा प्रोजेक्ट चालला होता. विषय : स्वच्छ ऊर्जेत जग कुठवर आलं? तिचं पहिलंच वाक्य, "भारताची निम्मी वीज आता स्वच्छ आहे." कुठून आणलंस म्हटलं, तर आपल्याच पालकांच्या ग्रुपवरचा फॉरवर्ड!

मी सीए आहे, रोज ताळेबंद बघते. म्हणून स्पष्ट सांगते, हे वाक्य चूक आहे. जून 2025 मध्ये निम्म्यावर गेली ती स्थापित क्षमता. म्हणजे सौर, पवन, जलविद्युत, अणुऊर्जा यांची यंत्रणा. 2030 चं लक्ष्य पाच वर्षं आधी गाठलं, अभिमान वाटायलाच हवा. पण प्रत्यक्षात तयार होणारी सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज अजून कोळशाचीच आहे, कारण सौर पॅनेल रात्री झोपतं. क्षमता म्हणजे ताळेबंदातली मशिनरी आणि निर्मिती म्हणजे झालेली विक्री. मशिनरी दाखवून कोणी विक्री झाली म्हणालं तर मी सही करत नाही. मग लेकीच्या वहीवर का करू?

जगाचा हिशोबही असाच तपासा. 2023 मध्ये दुबईच्या हवामान परिषदेत ठरलं, 2030 पर्यंत अक्षय ऊर्जेची क्षमता तिप्पट, म्हणजे 11,000 गिगावॅट करायची. 2024 अखेर ती होती सुमारे 4,450. त्या एका वर्षात 585 गिगावॅटची भर पडली, तोवरचा विक्रम. पण भागाकार करा : उरलेल्या सहा वर्षांत दरवर्षी सुमारे 1,100 हवेत. विक्रमी वर्षाच्या जवळजवळ दुप्पट! बातमीत विक्रम येतो, तूट येत नाही. आणि हा सगळा हिशोब फक्त विजेचा. जग वापरतं त्या एकूण ऊर्जेत वीज जेमतेम पाचवा हिस्सा. दोन अब्जांहून जास्त लोकांकडे आजही स्वयंपाकाचं स्वच्छ इंधन नाही.

आता दुसरी पार्टी. "आपलं पोट तेलावर, हे सगळं थोतांड आहे." अहो, ज्यांचं तेल आहे त्यांनीच शगायाच्या वाळवंटात सौर आणि पवन प्रकल्प उभारलेत. 2030 पर्यंत 15 टक्के वीज अक्षय स्रोतांतून, असं कुवेतने 2012 मध्येच जाहीर केलं. अजून ते फार लांब आहे, तेही लेकीला सांगितलं. तेलाचा देश असूनही उन्हाळ्यात वीज पुरवायला बाहेरून गॅस आणावा लागतो. जून 2024 मध्ये भर उन्हात वीज कापली गेली, विसरलात? इथल्याच मित्रिबाला 2016 मध्ये 53.9 अंश नोंदले गेले, ते थोतांड होतं?

आणि आपण काय करतो? वीज भाड्यातच धरलेली, म्हणून दोन महिने गावी जाताना एसी चालू ठेवून जातो! "फर्निचर खराब होतं." बरं, मग 28 वर ठेवा, 20 वर कशाला? "आमच्या एका एसीने काय होतंय?" असं प्रत्येक फ्लॅट म्हणतो. उन्हाळ्यात इथल्या विजेचा सर्वात मोठा वाटा एसीच खातो, हे तुम्हालाही माहीत आहे. बिल आपल्या नावावर येत नाही म्हणून खर्च नाहीसा होत नाही. तो दुसऱ्याच्या खात्यावर जातो. इथे ते खातं आपल्या मुलांचं आहे.

लेकीने वाक्य खोडलं आणि दोन रकाने केले : क्षमता आणि निर्मिती. मार्क किती मिळतील माहीत नाही. पण पुढचा फॉरवर्ड आला की ती तीन प्रश्न विचारणार आहे. कशाचे टक्के? कुठल्या तारखेचे? मूळ आकडा कोणाचा?

तुम्हीही विचारा. आणि तोवर तो "निम्मी वीज" वाला मेसेज कृपा करून डिलीट करा.