कोयनेचं अवजल आणि दाभोळची कोळंबी

१ जून ते ३१ जुलै हे दोन महिने राज्याच्या समुद्रात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. १ ऑगस्टला हंगाम सुरू झाला, की काही दिवसांतच कुंभार्ली आणि आंबा घाट चढून कोळंबी, बांगडा, पापलेट कराड-सातारा-सांगलीच्या बाजारात येऊ लागतात. मासा कोकणचा, पकडणारे तिकडचे, आपण फक्त खाणारे. सुकट आणि सुके बोंबील यांच्यावर वाढलेल्या घाटावरच्या माणसाला आपलं समुद्राशी नातं एवढंच वाटतं.

ते एवढंच नाही. दाभोळच्या खाडीत जी कोळंबी वाढते, तिच्या पाण्यात सातारा जिल्ह्याचा मोठा वाटा आहे.

कोयना धरण पाटण तालुक्यात. साठवण १०५.२५ टीएमसी. नदीची मूळ वाट पूर्वेची, म्हणजे कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळायचं आणि पुढे सांगलीकडे जायचं. पण वीज करण्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी पश्चिमेकडे वळवायची मुभा कृष्णा पाणीवाटप लवादाने दिली आहे. हे पाणी बोगद्यांतून सह्याद्री ओलांडतं, पोफळीला टर्बाईन फिरवतं, कोळकेवाडी धरणात थांबून पुन्हा वीज देतं आणि मग वाशिष्ठी नदीत सोडलं जातं. यालाच म्हणतात अवजल. वाशिष्ठी ते चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत नेते आणि तिथून अरबी समुद्रात. कोकणातल्या बाकीच्या नद्या उन्हाळ्यात आटतात, वाशिष्ठीत मात्र मे महिन्यातही पाणी असतं ते यामुळेच.

आता कोळंबीकडे बघू. आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या कोळंबीच्या जाती अंडी घालतात समुद्रात. पण त्यांची बारीक पिल्लं भरतीबरोबर खाडीत शिरतात, कांदळवनाच्या मुळांत लपून काही महिने वाढतात आणि मोठी झाली की समुद्रात परततात. खाडी म्हणजे कोळंबीची बालवाडी. तिथलं पाणी किती खारं, किती गोडं आणि किती स्वच्छ, यावर पुढे समुद्रात जाळ्यात काय येणार हे बऱ्याच अंशी ठरतं. म्हणजे कोयनेची वीज किती तास चालवायची हा निर्णय फक्त विजेचा नसतो. खाडीचा खारेपणाही त्याने बदलतो.

खाडी कुणाच्या वहीत?

गोची इथेच आहे. धरण जलसंपदा विभागाचं, टर्बाईन महानिर्मितीचे, मासे मत्स्यव्यवसाय विभागाचे, कांदळवन वनविभागाचं. खाडीला लागून असलेल्या लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्यावर लक्ष ठेवायचं प्रदूषण नियंत्रण मंडळाने. प्रत्येकाची आपापली वही आहे, पण अख्खी खाडी कुणाच्याच वहीत नाही. लोट्याच्या सांडपाण्याने दाभोळ खाडीतली मासेमारी मोडकळीला येतेय, ही तक्रार इथला भोई समाज कित्येक वर्षं करतोय. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीनेही २०११च्या अहवालात या प्रदूषणाची दखल घेतली. सांगलीकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. २०२३ मध्ये कृष्णेच्या काठावर मेलेल्या माशांचा खच त्यांनी पाहिलाय.

मग खाडी अख्खी सांभाळायची म्हणजे करायचं काय? याचा धडा थंड मुलखातून मिळतो.

नॉर्वेची जाळी

नॉर्वेच्या किनाऱ्यावर फियोर्ड आहेत. हिमनद्यांनी कोरलेल्या, दोन्ही बाजूंना उभे कडे असलेल्या खोल खाड्या. तिथेही कोळंबी आणि कॉड हा मासा एकाच पाण्यात राहतात. कोळंबी पकडायची तर जाळं बारीक हवं, आणि बारीक जाळ्यात कॉडची पिल्लंही येतात. आज कोळंबीचे पैसे मिळतात, पण पाच वर्षांनंतरचा कॉड संपतो.

यावर उपाय निघाला तो एका मच्छीमाराच्या डोक्यातून. जाळ्यात जेलीफिश भरू नयेत म्हणून नॉर्डमोर भागात एकाने जाळ्याच्या आत तिरपी गजांची जाळी बसवली. कोळंबी गजांमधून आत जाते, मोठं जे काही असेल ते वरच्या भोकातून बाहेर पडतं. हीच युक्ती माशांना वाचवायलाही चालते हे लक्षात आल्यावर १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ती तिथल्या कोळंबीच्या जाळ्यांना सक्तीची झाली. अगदी बारीक पिल्लं मात्र गजांमधूनही आत जातात. म्हणून आणखी एक नियम आहे. कोळंबीबरोबर ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त पिल्लं येऊ लागली, की तेवढा पट्टा काही काळ बंद.

तरीही ऑस्लोजवळच्या फियोर्डमध्ये कॉड इतका घटला, की २०१९ मध्ये तिथे त्याच्या मासेमारीवर बंदी आणावी लागली. बंदीनंतरही तो सावरलेला नाही. कारण नुसत्या जाळ्यात नव्हतं. शहरांचं सांडपाणी आणि शेतातून वाहून येणारी खतंही त्या पाण्यात साचत होती. जाळं सुधारलं आणि पाणी तसंच ठेवलं, तर मासा परत येत नाही.

आणि उशीर केला तर काय होतं, ते कॅनडाने दाखवलं. न्यूफाउंडलंडचा कॉड कोसळल्यावर १९९२ मध्ये सरकारने मासेमारी थांबवली. हजारो लोकांचं काम एका फटक्यात गेलं. दोन वर्षांची म्हणून जाहीर झालेली ती बंदी उठायला २०२४ साल उजाडलं.

आपले नियम कुठे अडतात?

आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. राज्याचा सागरी मासेमारी कायदा १९८१चा. २०२१ मध्ये तो कडक झाला आणि एलईडी दिवे लावून मासेमारी करणाऱ्यांचा दंड थेट लाखांत गेला. ट्रॉल जाळ्याच्या शेवटच्या पिशवीचा आस, म्हणजे भोक, ४० मिलिमीटरचा चौकोनी हवा. २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा झाला आणि त्याच वर्षी ५४ जातींसाठी किमान आकार ठरला. सिल्व्हर पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर तो पकडायचा नाही.

पण डिझेल, खलाशांचा पगार आणि कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेला ट्रॉलरवाला मोठ्या आसाचं जाळं स्वतःहून का लावेल? छोटी मासळी बाजारात खपते, जी खपत नाही ती फिशमीलच्या कारखान्यात जाते. म्हणजे पिल्लांनाही गिऱ्हाईक आहे. जोवर ते आहे, तोवर बंदरावरच्या एखाद्या अधिकाऱ्याने पट्टी घेऊन किती बोटी तपासायच्या?

ते गिऱ्हाईक घाटावरही आहे. थाळीत अख्खं मावेल असं पापलेट हॉटेलांना हवं असतं. दुकानात छोटं पापलेट स्वस्त पडतं, म्हणून घरीही तेच येतं. महिन्याचं बजेट सांभाळणाऱ्या घराला दोष देऊन उपयोग नाही. पण रोज किलोंनी माल उचलणाऱ्या हॉटेलांना आणि ठोक व्यापाऱ्यांना विचारायला काय हरकत आहे? मत्स्यव्यवसाय विभागाने बंदराइतकीच तपासणी घाटावरच्या ठोक बाजारांत आणि कोल्ड स्टोरेजमध्ये केली, तर नियमाला खरे दात येतील.

तुम्हालाही एक गोष्ट करता येईल. कंपासपेटीतली १५ सेंटीमीटरची पट्टी आठवा. पापलेट तिच्याहून बरंच आखूड दिसलं तर घेऊ नका, आणि विक्रेत्याला कारणही सांगा. जवळ्याची मात्र काळजी नको. तो मोठ्या कोळंबीचं पिल्लू नाही, ती जातच बारीक. सुकट बिनधास्त खा.

मोठी मागणी मात्र पाण्याची आहे. अवजल मुंबईकडे न्यावं, कोकणात शेतीला द्यावं, अशी चर्चा अनेक वर्षं अधूनमधून होते. पिण्याची आणि शेतीची गरज खरी आहे. पण साठ वर्षांहून जास्त काळ खाडीत येणारं गोडं पाणी अचानक वळवलं, तर तिथल्या कोळंबीचं आणि भोई कुटुंबांच्या पोटाचं काय होणार, याचा हिशेब आधी मांडायला हवा. त्यासाठी खाडीत ठिकठिकाणी खारेपणा आणि प्रदूषण नियमित मोजून ते आकडे जाहीर करावे लागतील. पावसाळ्यात कोयनेचा विसर्ग किती क्युसेक, हे आपल्याला तासातासाला कळतं. तेच पाणी घाटाखाली पोचल्यावर खाडीचं काय झालं, हेही कळायला हवं. आणि हा प्रश्न सातारा-सांगलीतूनही विचारला गेला पाहिजे, कारण नळाची चावी आपल्या बाजूला आहे.