घरी बिअर बनवायची तर आधी काय घ्यावे? पातेल्याआधी बादली आणि बादलीआधी कायदा

घरी बिअर बनवण्याचा संच आता मिक्सर मागवावा तितक्या सहज मोबाइलवरून मागवता येतो. न्यू जर्सीतल्या भावाने स्वयंपाकघरात बनवलेल्या बिअरचा फोटो पाठवला की पुण्यातल्या भावालाही वाटते, आपणही करून पाहावे. दोघे एकसारखीच बादली, एकसारखीच नळी पाहत असतात. फरक इतकाच, की न्यू जर्सीत ती छंदाची वस्तू आहे आणि पुण्यात ती गुन्ह्यातला मुद्देमाल ठरू शकते.

म्हणून कोणते सामान घ्यावे याआधी ते कुठे घ्यावे, हे पाहू.

महाराष्ट्रात घरी बिअर बनवता येते का?

नाही. राज्यात 1949 चा दारूबंदी कायदा लागू आहे. पूर्वी त्याचे नाव मुंबई दारूबंदी कायदा होते, आता ते महाराष्ट्र दारूबंदी कायदा असे आहे. त्याच्या कलम 65 नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे गुन्हा आहे. याच कलमात आणखी एक गोष्ट आहे, जी बहुतेकांना माहीत नसते. मद्य तयार करण्याच्या उद्देशाने साहित्य, भांडी किंवा उपकरणे जवळ बाळगणे हाही गुन्हा आहे. म्हणजे बिअरचा एक थेंबही तयार झालेला नसताना प्रकरण अंगाशी येऊ शकते. इथे उद्देश महत्त्वाचा आहे. घरात पंचवीस लिटरची बादली असणे हा गुन्हा नाही. पण तीच बादली माल्ट, हॉप्स, यीस्ट आणि बिअरच्या पाककृतीसह सापडली, तर उद्देश काय होता हे सांगायला वेगळा साक्षीदार लागत नाही.

‘विकायची नाही, घरीच प्यायची आहे’ हा बचाव इथे चालत नाही. संकेतस्थळावर संच विक्रीला आहे, म्हणजे तो वापरायला परवानगी आहे, असेही नाही. पुण्या-मुंबईत बारमध्येच बिअर बनवून विकणाऱ्या मायक्रोब्रुअरी दिसतात. पुण्यात 2009 मध्ये सुरू झालेली ‘डूलाली’ ही त्यातली सुरुवातीची. पण त्या सगळ्या राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्यावर चालतात. स्वयंपाकघरासाठी असा छोटा परवाना नाही.

या कडकपणामागे कारण आहे. जून 2015 मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक जणांचा जीव घेतला. मात्र तिथे मारक ठरले ते मिथेनॉल. धान्य आंबवून बनवलेल्या बिअरमध्ये ते घातक प्रमाणात तयार होत नाही. हातभट्टी आणि घरची बिअर या तांत्रिकदृष्ट्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बिअर फक्त आंबवली जाते, गाळली जात नाही. कायद्याने हा फरक करावा, अत्यल्प प्रमाणासाठी नोंदणीची सोय करावी, हे मत मांडायला हरकत नाही. आमचेही तेच मत आहे. पण कायदा बदलेपर्यंत तो बदलल्यासारखे वागणे महागात पडेल.

मग परवानगी कुठे आहे?

ब्रिटनमध्ये घरी बिअर बनवायला 1963 पर्यंत परवाना लागत असे. तत्कालीन अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ती अट काढली. अमेरिकेत 1933 मध्ये दारूबंदी उठली, पण घरगुती बिअरची सूट कायद्यात यायला 1978 उजाडले. अध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये सही केली. एका प्रौढ व्यक्तीच्या घराला वर्षाला 100 गॅलन, म्हणजे सुमारे 378 लिटर आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला 200 गॅलन, ही मर्यादा तेव्हापासूनची आहे. अलाबामा आणि मिसिसिपी ही दोन राज्ये तर 2013 मध्ये राजी झाली. दोन्ही देशांत विक्रीला मनाई आहे आणि अमेरिकेतली ही सूट दारू गाळण्याला लागू होत नाही. आखाती देशांत राहणाऱ्यांनी मात्र हा छंद मनातही आणू नये.

इथून पुढचा मजकूर, जिथे हे कायदेशीर आहे तिथल्या वाचकांसाठी.

पैसे कशावर घालावेत?

दुकानात किंवा मोबाइलवर नजर सगळ्यात आधी जाते ती चकचकीत स्टीलच्या पातेल्यावर, नाहीतर बटणे असलेल्या विजेच्या यंत्रावर. नवशिक्याचा खर्च इथेच चुकतो. बिअरची चव पातेल्यात कमी आणि बादलीत जास्त ठरते.

प्रक्रिया थोडक्यात अशी. माल्टचा गोड अर्क पाण्यात हॉप्स घालून तासभर उकळायचा. या गोड पाण्याला वर्ट म्हणतात. ते थंड करून झाकणाच्या बादलीत ओतायचे, यीस्ट घालायचे आणि साधारण दोन आठवडे आंबू द्यायचे. मग मोजून साखर घालून बाटल्या भरायच्या आणि आणखी दोन आठवडे थांबायचे. उकळण्याचे काम तासाभराचे. यीस्टचे काम दोन आठवड्यांचे. पैसे आणि लक्ष त्याच प्रमाणात वाटावे.

बादली खाद्यपदार्थांसाठीच्या प्लॅस्टिकची, घट्ट झाकणाची आणि झाकणाला एअरलॉक बसेल अशी हवी. एअरलॉक म्हणजे पाणी भरलेली छोटी प्लॅस्टिकची नळी. आतला वायू बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. अमेरिकेतला प्रचलित घाणा पाच गॅलनचा, म्हणजे 19 लिटरचा असतो. त्याला 19 लिटरची बादली घेऊ नका. इडलीचे पीठ काठोकाठ भरून ठेवले तर सकाळी ओट्यावर काय दिसते, हे मराठी घरात सांगायला नको. वर्टही तसेच फुगते. सुमारे 25 लिटरची बादली घ्यावी. खाली तोटी असलेली आणखी एक बादली असेल तर बाटल्या भरणे सोपे जाते.

काचेचा मोठा बुधला दिसायला छान असतो. भरल्यावर तो पंचवीस किलोच्या आसपास जातो आणि ओल्या हातातून सुटला तर टाके पडतात. सुरुवातीला तो नकोच. प्लॅस्टिकचा दोष एकच, त्यावर ओरखडे पडतात आणि ओरखड्यांत जंतू घर करतात. म्हणून ती बादली तारेच्या काथ्याने कधीही घासू नये. आणि उपाहारगृहातून फुकट मिळालेली लोणच्याची बादली कितीही धुतली तरी तिचा वास जात नाही. तिच्यात बनलेली बिअर पाहुण्याला देता येणार नाही.

स्वच्छता म्हणजे नक्की किती?

लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालायचा नाही, हे आपल्याकडे लहानपणीच बिंबवतात. इथे नियम तोच, फक्त दहापट कडक. साफ करणे आणि निर्जंतुक करणे ही दोन वेगळी कामे आहेत. आधी चिकटा काढायचा. तोही सुगंधी साबणाने नाही, कारण त्याचा अंश फेस मारतो. नंतर निर्जंतुक करायचे. त्यासाठी फॉस्फरिक आम्लावर आधारलेले, न धुता वापरता येणारे द्रव मिळते. ते थोडे पाण्यात मिसळायचे आणि उकळी थांबल्यानंतर वर्टला जे जे लागणार ते सगळे दोनेक मिनिटे त्यात ओले ठेवायचे. बादली, झाकण, नळी, चमचा, थर्मामीटर, यीस्टच्या पाकिटाची कात्रीसुद्धा. या बाटलीवर पैसे वाचवू नका. अनेक स्वस्त संचांत ती नसते किंवा नावापुरती पुडी असते. म्हणून खरेदीआधी संचात काय काय आहे, ती यादी उघडून वाचा.

तापमानाचे काय?

हा भाग जाहिरातीत नसतो. नेहमीच्या एल जातीच्या यीस्टला साधारण 18 ते 22 अंश सेल्सिअस मानवते. लागर जातीला त्याहून बरेच कमी, 8 ते 13 अंश. म्हणजे वेगळा फ्रिज आला. म्हणून पहिली बिअर एलच करावी. शिवाय आंबताना उष्णता तयार होते. खोली 21 अंशांवर असली तरी बादलीच्या आत दोन-चार अंश जास्त असू शकतात. तापमान चढले की यीस्ट घाई करते आणि बिअरला तिखट, डोक्यात जाणारा वास येतो.

हिवाळ्यात हीटरवर चालणारे घर या कामाला उत्तम. उन्हाळ्यात माठाची युक्ती वापरा. बादली पाण्याच्या टबात ठेवायची, भोवती ओला पंचा गुंडाळायचा आणि टबात बर्फाची एखादी बाटली सोडायची. बादलीच्या अंगाला चिकटवायची थर्मामीटरची पट्टी अगदी स्वस्तात मिळते. संपूर्ण संचात दामाच्या मानाने इतके काम करणारी दुसरी वस्तू नाही.

पातेले किती मोठे?

घरात महाप्रसादाचे बारा-पंधरा लिटरचे स्टीलचे पातेले असेल, तर नवे घेऊ नका. पहिल्या दोन-तीन वेळा तयार माल्ट एक्स्ट्रॅक्ट वापरावे. दहाएक लिटर पाण्यात ते उकळायचे आणि नंतर बादलीत गार पाणी घालून 19 लिटर करायचे. पातेल्याला रश्श्याच्या तेलाचा तवंग तेवढा राहू देऊ नका. तेलाने बिअरचा फेस बसतो. आतली कल्हई झिजलेले तांब्याचे पातेले टाळावे. उकळी फुटताना वर्ट दुधासारखे उतू जाते, तेव्हा जवळून हलू नये.

पूर्ण 19 लिटर एकदम उकळायचे तर किमान 28 ते 30 लिटरचे पातेले लागते आणि तिथे खरा प्रश्न शेगडीचा येतो. हिशेब सोपा आहे. वीस लिटर पाणी 20 अंशांवरून 100 अंशांपर्यंत न्यायला सुमारे 6,700 किलोज्यूल ऊर्जा लागते. 1,500 वॉटच्या शेगडीची सगळी ऊर्जा पाण्यात गेली असे धरले, तरी 74 मिनिटे जातात. प्रत्यक्षात थोडी उष्णता वाया जाते, म्हणजे वेळ त्याहून जास्त. इंग्लंडमधल्या 3,000 वॉटच्या यंत्राला याच्या निम्मा वेळ पुरतो. त्यामुळे कोणतेही विजेचे यंत्र घेताना पडद्यावर किती रंगीत आकडे दिसतात ते पाहू नका, ते किती वॉटचे आहे ते पाहा आणि तुमच्या भिंतीवरचे सॉकेट तेवढा भार पेलते का, तेही पाहा. बाहेर वापरायच्या प्रोपेनच्या शेगड्या घरात किंवा बंद गॅरेजमध्ये कधीही पेटवू नयेत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

उकळलेले वर्ट झटपट थंड करायला तांब्याच्या वेटोळ्या नळीचा कूलर मिळतो. दहा लिटरला त्याची गरज नाही, मोरीतला बर्फ-पाण्याचा टब पुरतो. पूर्ण घाणा उकळू लागलात की मग तो घ्यावा.

न टाळण्याजोगी एक काचेची नळी

ती म्हणजे हायड्रोमीटर. दूधवाल्याच्या दुधात पाणी किती, हे पाहायला जो लॅक्टोमीटर असतो, त्याचाच हा भाऊ. द्रवातली साखर किती हे तो घनतेवरून सांगतो. समजा, सुरुवातीचे वाचन 1.050 आणि शेवटचे 1.010 आले. फरक 0.040. त्याला 131.25 ने गुणले की 5.25, म्हणजे बिअरमध्ये साधारण सव्वापाच टक्के अल्कोहोल.

पण टक्केवारी हा त्याचा दुय्यम उपयोग. खरा उपयोग सुरक्षेचा आहे. एअरलॉकचे बुडबुडे थांबले म्हणजे आंबणे संपले, असे नसते. साखर शिल्लक असताना बाटली बंद केली, तर यीस्ट आत वायू तयार करत राहते आणि बाटली फुटते. काचेचे तुकडे खोलीभर उडतात. सलग दोन-तीन दिवस वाचन तेच आले तरच बाटल्या भराव्यात. त्या वेळी घालायची साखर चमच्याने मोजायची नाही, वजनकाट्यावर मोजायची. 19 लिटरला सुमारे 110 ग्रॅम साधी साखर पुरते. काटा तुमच्याकडे नसेल तर तो खरेदीच्या यादीत वरती घ्या.

बाटल्या विकत घ्यायची गरज नाही. एका घाण्याला 355 मिलीच्या पन्नासेक लागतात, मित्रमंडळींना सांगून ठेवले की जमतात. जाड, तपकिरी काचेच्या आणि ओपनरने उघडणाऱ्या हव्यात. हाताने पिळून उघडायच्या बाटल्यांवर नवे झाकण नीट बसत नाही. पारदर्शक काचेतून उजेड आत गेला की हॉप्सचा वास बिघडतो. झाकणे दाबायचे यंत्र आणि तळापर्यंत पोचणारी भरायची नळी मात्र लागतेच.

पन्नास बाटल्यांची हौस पहिल्याच वेळी जास्त वाटत असेल तर एक गॅलनचा, म्हणजे पावणेचार लिटरचा संच घ्यावा. स्वयंपाकघरातल्या नेहमीच्या भांड्यांत तो बसतो आणि बिघडला तरी दहा बाटल्यांचेच नुकसान. पिंप, कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर, धान्य दळायची गिरणी, शंकूच्या तळाचे स्टीलचे भांडे, हे सगळे पाच-सहा घाणे होईपर्यंत लांबच ठेवा. त्या वस्तूंनी सोय वाढते. अस्वच्छ बादलीतली बिअर त्यांनी सुधारत नाही.

आणि परदेशातला मुक्काम संपवून महाराष्ट्रात परतणार असाल, तर संच तिथेच कुणाला देऊन या. हायड्रोमीटर आणि थर्मामीटर आणायला अडचण नाही, ते सरबताला आणि पाकालाही चालतात. माल्ट, हॉप्स आणि यीस्ट भावासाठी भेट म्हणून बॅगेत भरू नका.