ज्यांचे नाव हजेरीपटावर नाही!

शहरात एखादी जुनी चाळ पाडली जाते, तेव्हा छपरावरचे सिमेंटचे करडे पत्रे घणाने फोडून खाली टाकतात. धूळ उडते. येणारेजाणारे नाकाला रुमाल लावून पुढे होतात. बिगारी मात्र दिवसभर त्या धुळीतच उभा असतो. अशा पत्र्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असते, हे त्याला कोणीही सांगितलेले नसते.

ॲस्बेस्टॉस आगीत जळत नाही, म्हणून बॉयलर, जहाजे, ब्रेक आणि छपरे यांत त्याचा मुबलक वापर झाला. परंतु श्वासावाटे गेलेला त्याचा सूक्ष्म तंतू फुप्फुस निबर करतो; फुप्फुसाचा, स्वरयंत्राचा आणि अंडाशयाचा कर्करोग उत्पन्न करतो; फुप्फुसाच्या आवरणाला मेसोथेलिओमा हा दुर्धर रोग जडवितो. रोग प्रकट होण्यास वीस, तीस, प्रसंगी चाळीस वर्षेही लागतात. धूम्रपान करणाऱ्याला फुप्फुसाच्या कर्करोगाचे भय कित्येक पटींनी अधिक. पांढरे ॲस्बेस्टॉस निरुपद्रवी असल्याचा डांगोरा व्यापारी पिटतात. जागतिक आरोग्य संघटनेला तो मान्य नाही. तिच्या मते त्याचे सर्व प्रकार कर्करोगकारक आहेत.

धोका केवळ कारखान्यातील कामगारालाच आहे काय? मुळीच नाही. दारूखान्यात जहाजे तोडणारा मजूर, जुने ब्रेक घासणारा मेकॅनिक, पत्रा कापणारा सुतार, इतकेच नव्हे तर नवऱ्याचे धुळीने माखलेले कपडे झटकून धुणारी गृहिणी, हे सर्व या यादीत येतात. अभंग पत्र्याखाली राहणाऱ्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. तंतू सुटतात ते पत्रा फोडताना, कापताना आणि झिजताना.

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली कामगाराचे आरोग्य हा त्याचा मूलभूत हक्क ठरविला. ॲस्बेस्टॉस उद्योगातील प्रत्येक कामगाराची आरोग्यविषयक नोंद नोकरी लागल्यापासून किमान चाळीस वर्षे, किंवा ती सुटल्यानंतर पंधरा वर्षे, यांपैकी जी मुदत उशिरा संपेल तोपर्यंत ठेवावी, असा आदेश दिला. निर्णय थोर खरा. पण ज्याचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नाही, त्याची नोंद ठेवणार कोण? चाळीस वर्षांनी धाप लागलेला तो म्हातारा कोणत्या मुकादमाचे नाव सांगणार?

युरोपीय संघाने २००५ पासून या पदार्थावर बंदी घातली. आपल्याकडे आयात चालूच आहे. स्वस्त छप्पर गरिबाला हवे, हे आम्हीही जाणतो. परंतु त्याची खरी किंमत गरिबाच्याच फुप्फुसातून वसूल होत असेल, तर ते स्वस्त कसले? सरकारने ही आयात बंद करावी. तोवर नगरपालिकांनी इमारत पाडण्याचा परवाना देण्यापूर्वी ॲस्बेस्टॉसची तपासणी सक्तीची करावी. पत्रे ओले करून, न फोडता उतरवावेत आणि मोहोरबंद करून घातक कचरा म्हणूनच त्यांची विल्हेवाट लावावी.

आणि आमच्या वाचकांनो, आपल्या इमारतीचा पुनर्विकास होत असेल, तर करारात वाढीव चौरस फुटांबरोबर एवढे एक कलमही घालून घ्या. ती धूळ आपल्या मुलांच्याही खिडकीतून आत येते.