‘नुसते कार्टून’ म्हणणाऱ्यांना

लहानपणची कार्टून्स मोठेपणी पुन्हा शोधून पाहायची आणि ‘काय ते दिवस होते!’ असे एकमेकांना मोबाइलवर कळवायचे, ही आमच्या पिढीची सध्याची आवडती करमणूक आहे. आम्हीही तिच्यात सामील होतो. गेल्या पावसाळ्यात एका मोकळ्या तासाला आम्ही आमच्या उर्दू शाळेतल्या सहावीच्या वर्गाला डिस्नेचा १९९२ सालचा ‘अलादीन’ हिंदीतून दाखवला, तो याच हौसेपोटी.

आमच्या घरी तेव्हा टीव्ही नव्हता. शेजारच्या खालाच्या घरी सतरंजीवर दाटीवाटीने बसून आम्ही अलादीन पाहिला होता. दुसऱ्या दिवशी अम्मीची जानमाज ओट्यावर पसरून, तिच्यावर बसून ‘उड’ म्हणालो आणि पाठीत धपाटा खाल्ला. पण आनंद गालिच्याचा नव्हता. मोगली आणि डोनाल्ड यांच्या गर्दीत प्रथमच आपल्या मोहल्ल्यात शोभतील अशी नावे टीव्हीतून ऐकू येत होती. नानीच्या गोष्टीतले सुलतान आणि जिन पडद्यावर आले होते. त्या नावांचे तिथे काय केले आहे, हे पाहण्याचे ते वय नव्हते.

ते वय आमच्या वर्गातल्या एका मुलाचे मात्र होते. त्याचे नाव मोहम्मद जाफर. चित्रपटातला कपटी, लांब नाकाचा, सापाची काठी घेऊन फिरणारा वजीरही जाफरच. आठवड्याभरात पोरांनी त्याला ‘ए चालबाज’ करून टाकले. एके दिवशी हजेरी झाल्यावर तो टेबलाजवळ आला आणि हळूच म्हणाला, ‘‘सर, हजेरीत नुसतं मोहम्मद म्हणा ना.’’

त्या रात्री आम्ही तोच चित्रपट इंग्रजीतून पाहिला. अलादीन आणि राजकन्या जास्मिन अमेरिकन वळणाचे इंग्रजी बोलतात. पहारेकरी आणि बाजारातले विक्रेते मात्र जाडेभरडे, अरबी उच्चारांचे. जास्मिन भुकेल्या पोराला सफरचंद देते, तर फळवाला तिचा हात तोडायला निघतो! दुकानांच्या पाट्या वाचायला गेलो, तर अरबी वळणाच्या नुसत्या रेघोट्या. उजवीकडून डावीकडे वाचणारी मुलेही हा चित्रपट पाहतील, असे कुणाच्या मनातही आले नसावे.

सुरुवातीच्या गाण्यात या मुलखात कान कापतात असा उल्लेख होता. अमेरिकेतल्या अरबांनी निषेध केला, तेव्हा १९९३ च्या व्हिडिओ आवृत्तीत तेवढी ओळ बदलली. त्या मुलखाला ‘रानटी’ म्हणणारा शब्द तसाच राहिला. तो हलायला २०१९ चा नवा चित्रपट यावा लागला. एका शब्दासाठी सत्तावीस वर्षे!

यावर आमचे सुशिक्षित मित्र म्हणतात, ‘सोडा हो, नुसते कार्टून आहे ते.’ त्यांना आम्ही एकच गोष्ट सांगतो. या चित्रपटातले शहर अग्राबा. कथा आधी बगदादमध्येच घडणार होती. आखाती युद्धामुळे हे काल्पनिक नाव दिले. डिसेंबर २०१५ मध्ये ‘पब्लिक पॉलिसी पोलिंग’ या अमेरिकन संस्थेने रिपब्लिकन मतदारांना विचारले, अग्राबावर बॉम्ब टाकावेत का? शंभरातले तीस ‘हो’ म्हणाले. डेमोक्रॅट पक्षाचे एकोणीस. जे शहर पृथ्वीवर नाही, त्याचे नाव कानाला मुसलमानी वाटले, एवढे पुरे झाले. आता म्हणा, नुसते कार्टून.

परंतु ‘आमची गोष्ट त्यांनी बिघडवली’ ही ओरडही आम्हाला मान्य नाही. अलादीनची गोष्ट ‘अलिफ लैला’च्या जुन्या अरबी हस्तलिखितांत नाहीच. अलेप्पोच्या हन्ना दियाब या ख्रिस्ती माणसाने ती १७०९ साली पॅरिसमध्ये आंत्वान गालां या अनुवादकाला सांगितली, आणि तिच्यातला अलादीन राहतो चीनमध्ये! गोष्टी अशाच फिरतात, बदलतात. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी या कथा मराठीत आणल्या, तेव्हा नाव दिले ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’. पुढे गौरी देशपांडे यांनी त्या सोळा खंडांत मराठीत नेल्या. आमची तक्रार गोष्ट बदलण्याबद्दल नाही. ज्याला शास्त्रीबुवा सुरस म्हणाले त्याला हॉलिवूड रानटी म्हणते, त्याबद्दल आहे.

आणि तक्रार घरातल्यांबद्दलही आहे. या प्रकारानंतर एक पालक आम्हाला जाब विचारायला आले. त्या मुलाच्या नावाबद्दल नव्हे. ‘जिन आणि जादू पोरांना दाखवलीच कशी? हे शिर्क आहे.’ आम्ही त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि विचारले, चाचा, तुमच्या वालिदांनी अमीर हमजाची दास्तान ऐकली होती ना? लखनौच्या नवलकिशोर प्रेसने ती छापली, तर सेहेचाळीस खंड झाले. अमर अय्यारच्या झंबीलमध्ये सारी दुनिया मावायची, तेव्हा कुणाचा ईमान गेला नाही. ती दास्तान तुम्ही बंद केलीत. शाळेच्या ग्रंथालयाच्या कपाटाला कुलूप आहे. राहता राहिला मोबाइल, आणि मोबाइलमध्ये जाफर एकच आहे. चाचांनी चहा संपवला, पण पटल्याचे काही दिसले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही धडा बाजूला ठेवला आणि मुलांना खरा जाफर सांगितला. जाफर बिन याह्या बर्मकी, खलिफा हारून रशीदचा वजीर. ‘अलिफ लैला’त तो रात्री वेष पालटून खलिफाबरोबर बगदादच्या गल्ल्यांतून फिरतो, गरिबांची दुःखे ऐकतो. त्याच्या बापाने, याह्याने, आपल्या सुश्रुताचा वैद्यकग्रंथ अरबीत करवून घेतला. वर्ग शांत झाला होता. मागच्या बाकावरचा आमचा जाफर ताठ बसला होता.

मग त्यानेच हात वर केला. ‘‘सर, नंतर त्याचं काय झालं?’’

हारूनने इसवी सन ८०३ मध्ये त्याची मान उडवली. का, यावर इतिहासकार अजून भांडतात. आम्ही घड्याळाकडे पाहिले, तास संपायला चार मिनिटे होती. खडू उचलला आणि फळ्यावर ते साल लिहायला घेतले.